दारावर आलेल्या बाया

जळगावात थंडी पडली हे आम्हाला कोणी सांगावं लागत नाही. बाजारात पांढरट हिरवी, तान्ह्या पोराच्या डोक्याएवढी वांगी दिसायला लागली की आम्ही पेटीतले स्वेटर बाहेर काढतो. मग पुढचे दोनेक महिने या गावाला दुसरा विषय नसतो. माझं चष्म्याचं दुकान आहे. डोळे तपासायला आलेला माणूस समोरच्या पाटीवरची अक्षरं वाचता वाचता मध्येच थांबून विचारतो, "काय भाऊ, यंदा भरीत झालं की नाही?" आणि मी म्हणतो, "खालची ओळ वाचा."

यंदा मी सगळ्यांना ॲसिडिटीचं कारण सांगतोय. कोणाच्या मळ्यात बोलावणं असलं की मी पोटावर हात ठेवतो. आमची मंगला, म्हणजे माझी बायको, शेजारी उभी असली की माझी पंचाईत होते. "ॲसिडिटी म्हणे! काल मिरचीची भजी काय मी संपवली?" असं ती चारचौघांत विचारते. तिला खरं कारण ठाऊक आहे. परवा अक्काचाही फोन आला, शेतावर भरीत आहे, ये म्हणून. मी म्हटलं, बघतो. अक्काला 'बघतो' म्हणणारा मी आमच्या खानदानातला पहिलाच माणूस असेन.

खरं कारण लाज आहे. गेल्या हिवाळ्यापासून भाजक्या वांग्याचा वास आला की मला लाज वाटते. वाचायला हे विचित्र वाटेल, पण आहे ते असं आहे.

तसा भरिताच्या बाबतीत मी भलताच कर्मठ आहे. भरितात टोमॅटो घालणाऱ्या घरात मी सोयरीक करणार नाही. गॅसवर वांगं भाजणं म्हणजे त्या वांग्याचा अपमान. त्याला कपाशीच्या वाळलेल्या काड्यांचाच जाळ हवा. काड्या तडतडतात, वांग्याची साल काळी पडून सुटते, आतून पाणी फुसफुसतं, आणि त्या धुराचा वास शर्टाला असा चिकटतो की दुसऱ्या दिवशी दुकानात येणारा माणूस नाक वर करून विचारतो, "कुठे होता?" मग लाकडी उखळात भाजलेली हिरवी मिरची, लसूण आणि ते गरम गरम वांगं. वरून शेंगदाणे, कांद्याची पात, तेलाची चरचरीत फोडणी. सोबत ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी. लोक पुऱ्याही करतात. करोत बापडे.

अक्का म्हणजे माझी आत्या. वडिलांची धाकटी बहीण, पण सगळं जग तिला अक्काच म्हणतं, तिची सूनसुद्धा. तिला दिलं दोंडाईच्याजवळच्या एका खेड्यात. दर हिवाळ्यात मी जळगावहून वांग्यांची पिशवी घेऊन पॅसेंजरने तिच्याकडे जायचो, कारण धुळ्याकडच्या वांग्यांना मी वांगी समजत नाही. पिशवी बघितली की अक्का कमरेवर हात ठेवून म्हणायची, "काबर रे बापू, आमना गावले वांगा पिकतस नही का?" तिचा मुलगा गुलाब, माझ्याहून थोडा मोठा, ती पिशवी माझ्या हातातून काढून घ्यायचा आणि आईला डोळा मारायचा. "जळगाववालास्ना वांगा शेतस, आई. त्यास्ले पाया पड."

गुलाबला नकला फार छान यायच्या. तलाठ्याची करायचा, माझ्या वडिलांची करायचा, आणि सगळ्यात भारी करायचा आपल्या आईची, दारावर जाताना रडते तिची. अक्काने एकदा ती नक्कल पाहिली आणि लाटणं घेऊन त्याच्या मागे विहिरीपर्यंत पळाली. विहिरीपाशी दोघंही हसत हसत खाली बसली.

दारावर जाणं हे आमच्याकडचं. माणूस गेलं की बाया त्या घरी दारावर येतात. येताना गल्लीच्या तोंडापासूनच रडण्याचा हेल काढतात. तो आवाज कानावर पडला की घरातली बाई, मग ती तेव्हा चुलीवर काही ढवळत का असेना, पदर डोक्यावर ओढून ओट्यावर येते आणि उत्तर देते. गळ्यात गळा पडतो. एकीने उचलायचं, दुसरीने धरायचं. गेलेल्या माणसाचं नाव घेऊन, त्याचं खाणंपिणं, त्याचे कष्ट, त्याचा तापट स्वभाव, सगळं त्या रडण्यात येतं. घटकाभराने नाक पुसून, पाणी पिऊन बाया उठतात. मग पुढचा घोळका येतो आणि पुन्हा पहिल्यापासून. पुरुष बाहेर गोणपाटावर माना खाली घालून बसलेले असतात. एकटीने रडायची आमच्याकडे पद्धतच नाही. अक्का या कामात पंचक्रोशीत पुढे होती. ती पोचली की घरातल्या कोरड्या पडलेल्या बायांनाही मोकळं व्हायला जमायचं.

मी धुळ्याला शिकत असताना आमच्या खोलीवर एक ट्रान्झिस्टर होता. त्याची सुई कधी नको तिथे अडकायची आणि परदेशातलं काहीबाही खरखरत ऐकू यायचं. एका संध्याकाळी त्यातून एका बाईचा आवाज आला. खोलीतला सोबती म्हणाला, "बदल रे, कोणी तरी मेलंय तिकडे." मी त्याचा हात धरून ठेवला. काय चाललंय ते कळत नव्हतं, कुठली भाषा तेही कळत नव्हतं, पण तो आवाज वर वर चढत गेला आणि माझ्या हातावर काटा आला. भाषा इटालियन होती आणि प्रकाराला ऑपेरा म्हणतात, हे कळायला पुढे कितीतरी वर्षं गेली. मग मुंबईला गेलो की पदपथावरच्या कॅसेटी, त्यानंतर सीडी, आणि आता फोन. आता सगळ्या जगाचं गाणं खिशात असतं.

"म्हणजे नाटकच की," असं लोक म्हणतात. नाटकच. फक्त सगळं गाऊन. चहा हवा असला तरी गाऊन मागायचा. विशीतल्या प्रेमिकाचं काम पन्नाशीचा ढेरपोट्या माणूस करतो आणि आपण पहिली दोन मिनिटं हसतो. तिसऱ्या मिनिटाला त्याचं पोट दिसेनासं होतं. आणि माईक नाही बरं का! समोर खड्ड्यात वाजवणाऱ्यांची ही फौज, वर सज्ज्यापर्यंत माणसं भरलेली, आणि त्या सगळ्यांवरून एका माणसाने नुसत्या छातीच्या बळावर आवाज न्यायचा. आमच्याकडे लग्नातला बँडवालासुद्धा दोन भोंगे लावतो.

या बाबतीत गावात माझा सोबती एकच, रफिकभाई. शेजारच्या गाळ्यात त्यांचं घड्याळ दुरुस्तीचं दुकान. गिऱ्हाईक नसलं की ते दाढेत लवंग धरून माझ्याकडे येऊन बसतात. आमची भांडणं एकाच प्रवेशावरून. एका समुद्राकाठच्या गावातली बाई आहे, तिचा मुलगा लढाईवर गेलेला. तिच्या दारात एक माणूस निरोप घेऊन येतो. निरोप काय तो आपल्याला माहीत असतो, त्याला माहीत असतो, आणि त्याने तोंड उघडण्याआधीच तिलाही कळलेला असतो. तरी ती त्याला बोलू देत नाही. पाणी देते, बस म्हणते, रस्त्यात चिखल होता का विचारते. शेवटी तो सांगतो. आणि मग ती गाते.

हा प्रवेश दोन मोठ्या गायिकांनी गायलेला माझ्याकडे आहे. त्यांची नावं घेताना आमची जीभ अडखळते, म्हणून आम्ही त्यांना थोरली आणि धाकटी म्हणतो. धाकटी पहिल्या सुरापासून सगळं उधळून देते. शेवटी शेवटी तिचा आवाज फाटतो आणि रफिकभाई म्हणतात, "फटने दो साहब, माँ है." मी थोरलीच्या बाजूचा. ती सुरुवात इतकी साधी करते, की नळावर शेजारणीशी बोलतेय असं वाटावं. निरोप ऐकल्यावर सगळी वाद्यं थांबतात आणि तीही थांबते. इतकी थांबते, की ही पुढचं विसरली की काय अशी भीती वाटते. मग कुठून तरी एक बारीक सूर येतो. श्वास कधी घेतला ते कळत नाही. तो सूर हलत नाही, कापत नाही, नुसता भरत जातो, आणि त्याच्याखाली गावातल्या बायांचा घोळका एकेक करून आवाज मिसळत रंगमंचावर येतो. त्या जागी माझं उजवं बोट आपोआप वर जातं आणि डोळे भरतात. दर वेळी. मंगला आतून ओरडते, "झालं का तुमचं रडून? गिऱ्हाईक उभं आहे."

कोरोनाच्या दुसऱ्या उन्हाळ्यात गुलाबला जळगावला दवाखान्यात आणलं. मी इथे राहणारा, म्हणून सगळी धावपळ माझ्याकडे. खाट मिळवणं, डबा पोचवणं, वॉचमनच्या हातापाया पडणं. तोंडाला फडकं बांधून गावभर हिंडलो. तो गेला तेव्हा कोणालाच आत सोडलं नाही. प्लास्टिकच्या कपड्यांतली माणसं त्याला घेऊन गेली आणि आम्ही फाटकाबाहेरून पाहिलं. अक्काला फोन मीच केला. ती म्हणाली, "जेवना व्हता का तो?" मी म्हटलं, हो, जेवला होता. पुढे पुष्कळ कामं होती. कागद, फोन, सामान. ती मी सगळी नीट केली. लोक म्हणाले, बापू खंबीर राहिला.

दारावर कोणी आलं नाही. येणार कसं? गल्ली बांबू लावून बंद होती. शेजारच्या बाया आपापल्या दारात उभ्या राहून लांबून बघत होत्या, म्हणे. पुढे सगळं मोकळं झाल्यावर माणसं आली, एकदोन एकदोन करून, तोंड बांधून, हळू बोलत. तोपर्यंत उशीर झाला होता. इतक्या दिवसांनी हेल कोण काढणार? अक्का त्यांना चहा पाजायची. तिच्या डोळ्यांत पाणी नाही हे आधी सगळ्यांना मोठं धैर्य वाटलं. नंतर भीती वाटायला लागली.

गुलाबची बायको उषा मला फोन करायची. "भाऊजी, अक्का अर्ध्या भाकरीवर आल्या. घास गिळत नाही म्हणतात. गळ्यात काही तरी अडकलंय म्हणतात." धुळ्याला मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी घशात नळी घालून पाहिलं, काही नाही. रात्ररात्र ती खाटेवर बसून असायची. लुगडं अंगावर मोठं व्हायला लागलं. नातेवाईक आपापल्या परीने अक्कल चालवत होते. कोणी म्हणालं, तिला बोचेल असं बोला, म्हणजे रडेल. कोणी म्हणालं, कांदे चिरायला बसवा. उषा स्वतः माहेरी जाऊन, आईच्या मांडीवर डोकं ठेवून रडून आली होती. तिला माहेर होतं. अक्काला या वयात कुठलं माहेर? माहेरचा म्हणून उरलेला मी.

मी एकदा गेलो तेव्हा धीर करून विचारलंही. म्हटलं, अक्का, रडून घे ना एकदा. तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी परीक्षेत नापास होऊन आलोय. म्हणाली, "दारवर कोनी उनं नही. भिंतना गळामा पडू का मी?"

मी तिची औषधं बघितली आणि संध्याकाळच्या गाडीने परत आलो. त्या हिवाळ्यात तिच्या शेतावर भरीत झालं नाही. त्याच्या पुढच्या हिवाळ्यातही नाही.

म्हणून गेल्या वर्षी तिचा स्वतःचा फोन आला तेव्हा आम्हा नवराबायकोला केवढा आनंद झाला! "भरीत करनं शे. बठ्ठा या. त्या रफिकभाऊले भी लई ये." उषाने मागून फोन घेऊन हळूच सांगितलं, की अक्काला खायचं नाहीच आहे, तिला एकदा सगळ्यांना जेवताना बघायचंय. हे ऐकून मंगला हातातलं काम ठेवून खाली बसली. मी मात्र वांगी निवडायला बाजारात गेलो.

हिवाळ्यातली दुपार आमच्या भागात फार चांगली असते. ऊन पाठीवर घ्यावंसं वाटतं. तूर पिवळी झाली होती, गहू नुकता वर आला होता. शेजारच्या शेतात कपाशीची शेवटची वेचणी चालू होती. शिरपूरकडच्या बाया पिकअपमधून कामाला आल्या होत्या. कमरेला कापडाच्या झोळ्या बांधून, वाकून, बोलत बोलत वेचत होत्या. इकडे काड्यांचा जाळ पेटला, वांगी फुगायला लागली, उषा पाण्यात बोटं बुडवून सालं काढत होती. अक्का गोणपाटावर बसून मंगलाला उखळात मिरची किती घालायची ते सांगत होती. हात एवढे बारीक झाले होते तिचे, की बांगड्या कोपरापर्यंत वर गेल्या होत्या.

माझ्या मुलीने मला नवा स्पीकर दिला होता. घरी तो मंगलाच्या परवानगीने वाजतो, म्हणजे वाजतच नाही. रफिकभाई चारी दिशांना बघून म्हणाले, "साहब, इधर कोई पड़ोसी नहीं. आज पूरी आवाज खोलो." मला आणखी काय हवं होतं! स्पीकर विहिरीच्या कठड्यावर ठेवला. आवाज विहिरीत पडून दुप्पट होऊन वर येईल, असा माझा हिशेब. थोरलीचा तोच प्रवेश लावला. का लावला? सगळ्यात चांगलं ध्वनिमुद्रण त्याचं आहे म्हणून. देवाशपथ सांगतो, दुसरं काहीही माझ्या डोक्यात आलं नाही.

थोरलीचं साधं बोलणं सुरू झालं. अक्काने मान वळवली. "ही बाई काय इकी ऱ्हायनी रे?" सगळे हसले. मीही हसलो आणि म्हणालो, "विकत नाही अक्का, नाटक आहे. हिचा मुलगा लढाईवर गेलेला असतो, आणि एक माणूस..." एवढं बोललो आणि आपण काय बोलतोय ते माझं मला कळलं. मंगला मुसळ हातात धरून माझ्याकडे बघत होती. उषाने मान खाली घातली होती. अक्का माझ्याकडेच बघत होती, पुढे ऐकायला.

तेव्हाच बंद करायला हवं होतं. कठडा माझ्यापासून चार पावलांवर होता. पण थोरली त्या जागेवर येत होती. वाद्यं थांबली होती. ती थांबण्याची जागा, ती शांतता, आणि आजूबाजूला एवढं मोकळं रान. तिथे बंद करणं माझ्याच्याने झालं नाही. लाज वाटते ती पहिली याची. ज्या बाईचा मुलगा गेला तिच्यासमोर मी त्या सुराची वाट बघत उभा राहिलो.

सूर आला. विहिरीने तो उचलला आणि शेतावरून सोडला. मी कधीच तो असा ऐकला नव्हता. रफिकभाईंनी डोळे मिटले. आणि मग खालून बायांचे आवाज मिसळायला लागले. मला वाटलं, अरे, घोळका आज लवकर कसा आला? अजून अवकाश आहे. मी स्पीकरकडे बघितलं. आवाज स्पीकरमधून येत नव्हता, कपाशीतून येत होता.

बांध ओलांडून त्या बाया धावत येत होत्या. झोळ्या तशाच कमरेला, पदर डोक्यावर ओढलेले, आणि प्रत्येकीने हेल काढलेला. पुढे एक उंच म्हातारी होती. "कोन गयं व माय, कोन गयं व..." शेजारच्या रानात बाईच्या रडण्याचा आवाज आला, म्हणून हातातलं काम टाकून त्या आल्या होत्या. स्पीकर त्यांनी पाहिलाच नाही. मला, रफिकभाईंना पाहिलं नाही. पांढऱ्या केसांची सगळ्यात म्हातारी बाई जमिनीवर बसलेली दिसली आणि त्या सरळ तिच्याकडे गेल्या.

मी झटकन गाणं बंद केलं. आता या बाया फजीत होणार, गावभर गोष्ट होणार, पाहुण्यांसमोर हा काय तमाशा, असं सगळं एकदम डोक्यात आलं. "अहो बाई," मी पुढे होऊन म्हणालो, "कोणी गेलेलं नाही, ते गाणं..." अक्काने माझ्याकडे न बघता हात वर केला. "चूप ऱ्हाय," ती म्हणाली. मग तिने त्या उंच म्हातारीच्या तोंडाकडे पाहिलं आणि सांगितलं, "मना गुलाब गया व माय."

म्हातारी खाली बसली आणि तिने अक्काला मिठी मारली. आणि अक्का रडली.

"मना हातनं पानी भी नही पिना रे बाप... तुनं तोंड भी नही दखं मी..." उषा हातातलं वांगं टाकून धावली आणि तिच्या पाठीवर पडली. मंगला गेली. त्या परक्या बाया भोवती बसल्या, एक उचलायची, दुसरी धरायची. गुलाबची लहानपणची देवी, त्याची सायकल, त्याच्या नकला, दवाखान्याचं फाटक, सगळं त्या रडण्यात यायला लागलं. अक्काचा आवाज आधी चिरका, बंद पेटी उघडावी तसा कुरकुरत आला. मग मोकळा झाला.

हे मला कसं माहीत? कारण मी ऐकत होतो. तिने खाली, बोलण्याच्या पट्टीत सुरुवात केली, हे माझ्या ध्यानात आलं. उंच म्हातारी आपला आवाज तिच्या खाली ठेवून, तिचा श्वास संपायची वाट बघून आत येत होती, हेही ध्यानात आलं. थोरलीपेक्षा हिने ही जागा चांगली घेतली, असं मी मनात म्हणालो. माझ्या मनात 'वाह' आलं. आणि मी खाली पाहिलं तर माझं उजवं बोट वर गेलेलं होतं.

रफिकभाईंनी ते बोट पाहिलं. ते तोवर उकिडवे बसून, टोपी सारखी करून, दोन्ही हात पुढे धरून पुटपुटत होते. त्यांनी माझ्या बोटाकडे पाहिलं आणि नजर दुसरीकडे वळवली. मी बोट मिटून मूठ खिशात घातली. इतकी लाज मला आयुष्यात वाटली नाही. माझ्या आत्याचं काळीज फाटत होतं आणि मी पहिल्या रांगेत बसून दाद देत होतो. आयुष्यभर मी हेच तर कमावलं होतं. गाणाऱ्याच्या दुःखात दुःखाला सोडून बाकी सगळं ऐकायचं.

तेव्हापासून मी तो प्रवेश एकदाच लावला, दुकानात, दार ओढून घेऊन. डोळ्यांत पाणी आलं नाही. धाकटी लावून पाहिली, तीच गत. रफिकभाई येतात, लवंग चघळत बसतात, घड्याळांचं बोलतात. त्यांनी त्या बोटाचा विषय कधी काढला नाही, आणि काढला असता तर बरं झालं असतं असं मला कधी कधी वाटतं.

त्या दुपारी शेतावर रडणं हळूहळू ओसरलं. बायांनी नाकं पुसली, उषाने पाण्याचा हंडा आणला. पाणी पिता पिता उंच म्हातारीने विचारलं, "कव्हय गया माय?" अक्काने सांगितलं, दोन-तीन वर्षं झाली. म्हातारीने जाळाकडे पाहिलं, परातीतल्या वांग्यांकडे पाहिलं. मला वाटलं, आता हसतील, किंवा चिडतील. ती पदराने तोंड पुसत म्हणाली, "मंग काय व्हयनं? आमले आज कळनं, आमी आज उनूत."

अक्काने त्यांना जेवायचा आग्रह केला नाही. दारावर आलेली बाई त्या घरी जेवत नाही, पाणी पिऊन निघते. अक्का बांधापर्यंत त्यांच्याबरोबर चालत गेली. शेताला दार नसतं, पण तिने त्यांना दारापर्यंत पोचवलं. तिकडून मुकादम ओरडत होता. बाया पुन्हा वाकून कपाशी वेचायला लागल्या आणि थोड्या वेळाने त्यांचं बोलणं, हसणंही ऐकू यायला लागलं.

मग आम्ही जेवायला बसलो. भरीत गार झालं होतं, फोडणी जरा करपली होती. अक्काने हात धुतले, भाकरी घेतली, भरितात बुडवून घास तोंडात घातला. आम्ही सगळे न बघितल्यासारखं करून बघत होतो. तिने तो गिळला. मग दुसरा. मग म्हणाली, "कांदा दे व उषा." उषा कांदा फोडायला उठली ती तोंड फिरवूनच. अक्काने अख्खी भाकरी खाल्ली आणि अर्धी वर मागून घेतली. मंगलाने माझ्याकडे बघून डोळे टिपले. मी मान हलवली आणि खात राहिलो.

अक्का माझ्याकडे बघत होती. चेहरा सुजलेला, डोळे लाल, पण आवाज अगदी निवांत, मीठ कमी आहे का विचारावं तसा.

"बापू," ती म्हणाली, "तो तुना भी भाऊ व्हता ना रे? तू काबर नही रडना?"

पुरुष रडत नाहीत असं काही तरी बोलता आलं असतं. मला सांभाळायचं होतं सगळ्यांना, असंही. पण तिने खरंच विचारलं होतं. तिला खरंच कळून घ्यायचं होतं.

"मी ऐकत होतो, अक्का," मी म्हणालो.